शुक्रवारच्या नाश्त्याला हजर

दार धाडकन लागलं आणि किर्सी अडकली.

म्हणजे किर्सी होती फिनलंडात, ओउलूच्या घरी, वडिलांच्या पलंगाशेजारी. अडकला होता तिचा रोबो, डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या ऑफिसात, सामानाच्या खोलीत. दोन चाकं, वर काठी, काठीवर पडदा आणि पडद्यावर किर्सीचा चेहरा. हात नाहीत.

थोड्याच वेळात शुक्रवारचा नाश्ता होता. आठवडाभर कोणी कुठूनही काम करो, शुक्रवारी सगळ्यांनी एका टेबलाशी बसून ताजे पाव खायचे, हा प्रेबेनचा नियम. प्रेबेन साहेब होता, पण साहेब म्हटलेलं त्याला खपत नसे. "टेबलाशी बसतो तोच टीममधला," असं तो म्हणे. खूप विनवण्या केल्यावर त्याने एकट्या किर्सीला रोबोची सवलत दिली होती. आजची पहिलीच खेप. जमलं तर ठीक. नाहीतर ओडेन्सला राहायला ये, नाहीतर नोकरी सोड.

वडिलांची उजवी बाजू लुळी पडलेली. त्यांना टाकून ती कुठे जाणार होती?

मदत मागायची म्हणजे किर्सीच्या जिवावर यायचं. तिने आधी रोबोला दारावर आपटून पाहिलं. दार ढिम्म. मग तिने गिट्टेला फोन लावला.

"ऑफिसला आलीस का गं?"

"म्हणजे काय, कधीची. वर स्वयंपाकघरात आहे. आज पाव माझ्याकडे ना."

"जरा खाली येऊन दार उघडतेस? मी कोंडली गेलेय."

"अगं, पाव भट्टीत आहेत. ते करपले तर प्रेबेन मलाच भाजून खाईल. यानला सांग. तुला तसंही कुठे खायचंय?"

मग तिने यानला फोन लावला. "मी तळघरात वर्कशॉपमध्ये आहे, हात ग्रीसने बरबटलेत गं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी कोंडून घेतलंस? फिनिश लोकांना एकांत आवडतो हे ऐकून होतो, पण इतका?"

किर्सीला हसू आलं नाही. वडिलांनी खुणेने पाणी मागितलं. तिने पेला त्यांच्या ओठांना लावला. तेवढ्यात दारापलीकडे खुर्ची सरकल्यासारखी घरघर झाली.

"किर्सी? सगळे वाट बघतायत." प्रेबेनचा आवाज. "आत काय करतेस?"

संपलं सगळं, तिला वाटलं.

"दार लागलंय. उघडतोस?"

"तूच ये ना बाहेर."

"रोबोला हात नाहीत, प्रेबेन."



"म्हणूनच सांगतो, माणसाने स्वतः यावं," तो म्हणाला. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"मान्य. पण आता उघड."

दारावर धप्पकन काहीतरी आदळलं. थोड्या वेळाने पुन्हा.

"हँडल खाली दाब," किर्सी म्हणाली.

"माहीत आहे मला."

मग त्याने चौघांचा फोन जोडला. "गिट्टे, पाव राहू देत. खाली ये."

"अरे, पण भट्टी..."

"यान, तू ये."

"माझे हात..."

"पूस ते."

कोणाच्या पावलांचा आवाज येतो का म्हणून किर्सी कान देऊन बसली. काहीच नाही.

शेवटी प्रेबेनने घसा खाकरला.

"मी रागावणार नाही," तो म्हणाला. "पण आपल्यात आज हात घेऊन कोण आलंय?"