न संपणारे पॉइंट

परदेशातला थोरला गेली तीन वर्षं फोनवर "पुढच्या वर्षी नक्की येतो गं" म्हणत होता. आज त्याला विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड निवडायचं होतं, आणि आई मशीनवर पडदा शिवता शिवता ऐकत होती.

"आई, दोन कार्डं आहेत, दोन्हींवर पॉइंट जमले की तिकीट फुकट. पहिल्याचे पॉइंट कधीच संपत नाहीत, नुसते साठवत बसायचं. दुसऱ्याचे मात्र वर्षात वापरले नाहीत तर बुडाले! पहिलंच घेतो ना?"

आईचं मशीन थांबलं. हा पठ्ठ्या टूथपेस्टची ट्यूबसुद्धा कात्रीने कापून, आतून पुसून घेणारा.


"दुसरं घे रे राजा. बुडायला आले की तरी घरी येशील."