उजेडाचा चिमटा

धडगावच्या सरकारी दवाखान्यात सेवंती वळवी खाटेवर तळमळत होती. तिच्या रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन नसांत अडकत आणि हाडं फुटतील असं दुखे. तिची थोरली बहीण याच आजारानं गेली होती.

डॉक्टर निशिगंधा गावितांनी सेवंतीचं रक्त नळीतून यंत्रात सोडलं. पडद्यावर लेझरचे हजारो किरण वाकड्या पेशी तेवढ्या पकडून बाजूला नेत होते. चांगलं रक्त दुसऱ्या नळीनं तिच्या अंगात परत जात होतं.

"उजेडानं धरता येतं?" तिच्या वडिलांनी, गोमाभाऊंनी विचारलं.

"वस्तू इतकी बारीक असली की येतं, भाऊ."

दुपारनंतर सेवंतीचं कण्हणं थांबलं. तिनं भाकरी मागितली आणि सगळी खाल्ली.

निघताना गोमाभाऊ तिला पाठीवर घ्यायला वाकले.

"नको आबा, मी चालते," म्हणत ती पायऱ्या उतरू लागली.

गोमाभाऊ दारातच थांबले. त्यांनी डॉक्टरांपुढे हात जोडले.

"बाई, माझी एक तरी पोर राहिली," ते म्हणाले आणि डोळे पुसत तिच्या मागे गेले.