मानाच्या जोडीची झूल

रहेमतुल्लाने झूल आणून दिली तेव्हा ती अर्धीच शिवलेली होती. एका कडेला आरसे लागले होते, दुसरी कडा नुसती टाचलेली.

"गुरुजी, बाकीचं दुसऱ्या कोनाकडून करून घ्या," तो उत्तमरावांना म्हणाला. तो ओसरीवर चढला नाही. अंगणातच उभा राहिला.

उद्या पोळा होता. गावात तोरणाखाली पहिली उभी राहते ती उत्तमरावांच्या घरची जोडी, आणि तिच्या पाठीवरची झूल रहेमतुल्लाच्या दुकानात शिवली जाते. आधी त्याचा बाप शिवायचा, आता तो. यात कोणाला कधी काही वाटलं नव्हतं.

परवा गावाच्या ग्रुपवर एक क्लिप आली. रहेमतुल्ला दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करतोय. सुईत दोरा ओवायचा तर शिंपी तेच करतो. पण क्लिप तिथेच तोडलेली होती, हळू केलेली होती आणि तोंडाभोवती लाल गोल काढलेला होता. सुई कुठेच दिसत नव्हती. मागे ढोल, आणि बाईचा की पुरुषाचा ते कळू नये असा यंत्रातून काढलेला आवाज: 'हे थुंकलेलं कापड पोळ्याला तुमच्या नंदीच्या पाठीवर. चालेल तुम्हाला?'

संध्याकाळपर्यंत क्लिप उंद्रीच्या बाजारात पोचली होती. दुकानासमोर कोणी ओरडलं नाही. लोक आले आणि शिवायला टाकलेले कपडे परत घेऊन गेले. आज सकाळी पोरांनी सरपंचाला सांगितलं, ती झूल तोरणाखाली दिसली तर पोळा होऊ देणार नाही.

"मी निंगतो, गुरुजी. राबिया म्हनते लोणारले या," रहेमतुल्ला म्हणाला. राबिया त्याची मुलगी. "टेम्पो येऊन राह्यला. मशीन नेतो संगं."

"तू काऊन जातं? ज्यानं हे बनवलं त्याले उद्या तोरणाखाली उभा करतो. सर्व्यांसमोर कबूल करायले लावतो. टेम्पो येईपर्यंत तर थांब."

पूनम चहा घेऊन आली. "काका, आधी वर या. बाहेरच्या बाहेर जायचं का तुम्ही?"

रहेमतुल्ला ओसरीच्या कडेवर टेकला.

पूनम उत्तमरावांची थोरली. सातवीपासून त्यांनी तिला वादविवाद स्पर्धेसाठी घडवलं होतं. चिठ्ठीत अनुकूल बाजू येवो की प्रतिकूल, ऐकणाऱ्याला पटलंच पाहिजे, हे त्यांचं पहिलं सांगणं. तिच्या ढालींनी कपाट भरलं होतं. सामाजिक सलोख्यावर ती बोलली तेव्हा पहिल्या रांगेतल्या रहेमतुल्लाने रुमालाने डोळे पुसले होते. आता ती चिखलीला एका पुढाऱ्याच्या कार्यालयात मोबाईलवरचं काम करायची. वाढदिवसाच्या शुभेच्छा, सणांचे बॅनर, उद्घाटनांची माहिती. विषय वरून यायचे, शब्द तिचे.

उत्तमराव गोठ्यात गेले. गोकुळ, त्यांचा धाकटा, बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळत होता. गळ्यात पक्षाचा गमछा.

"हे तूच बनवलं ना बे?"

"मी नुसतं पुढं ढकललं. सर्व्यांनीच ढकललं."

"मंग बनवलं कोनं?"

"मले काय माहीत? पन खोटं काय हाय त्याच्यात? टीव्हीवर रोज दाखवून राह्यले."

"तुह्या बारशाचं अंगडं त्यानं शिवलं होतं, गोकुळ."

"मंग? फुकट शिवलं का?"

उत्तमरावांनी त्याच्या थोबाडीत मारली. बैल दचकून मागे सरला. गोकुळने आधी बैलाला थोपटलं, मग गालाला लागलेली हळद पुसली.

"मारा. पन क्लिप दुकानाच्या आतून काढेल हाय, मशीनजवळच्या स्टुलावर बसून. मी वर्षभरात त्या दुकानाची पायरी चढलो नाही. विचारा तुमच्या दोस्ताले."

उत्तमराव अंगणात आले. त्यांनी क्लिप पुन्हा पाहिली. रहेमतुल्लाच्या मांडीवर लाल मखमल होती, आणि तिला नुकताच पहिला आरसा लागला होता.

"रहेमत, ही झूल शिवाले घेतली तवा स्टुलावर कोन बसेल होतं?"

रहेमतुल्ला कपातल्या चहाकडे पाहत राहिला.

"गिऱ्हाईक येते, जाते. ध्यानात नाही, गुरुजी."

"आठव ना जरा."

"म्हातारा झालो आता."

रस्त्यावर हॉर्न वाजला. रहेमतुल्लाने कप खाली ठेवला. निघताना नेहमीसारखा पूनमच्या डोक्यावर ठेवायला त्याने हात उचलला. मग तो हात तसाच खाली घेतला.

"सांभाळून राह्य, बेटा," एवढंच म्हणाला.

टेम्पोत मशीन उलटी घातली होती, पाय वर. दोन-तीन पोरं पारावरून मोबाईल धरून शूटिंग करत होती. टेम्पो फाट्याकडे वळला तशी ती मोबाईल खिशात घालून पांगली.

उत्तमराव ओसरीवर बसले. "सापडला नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "एवढंसं गाव, आन् एक मानूस सापडला नाही मले."

"बाबा, झूल मी पुरी करते. बैल उघडे थोडेच न्यायचे?"

पूनमने मखमल मांडीवर घेतली. रीळ उलगडलं. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि एका झटक्यात सुईत ओवलं.

उत्तमराव तिच्या हातांकडे पाहत राहिले. गोकुळ रहेमतुल्लाच्या दुकानात जायला नाहीच म्हणाला होता. मखमल शिवायला टाकायला मग पूनम गेली होती.

"पूनम," त्यांनी विचारलं, "काऊन?"

तिने आरसा बोटाने दाबून धरला आणि टाका घातला.

"या वेळी चिठ्ठीत प्रतिकूल बाजू आली, बाबा."