घंटांचा परीक्षक

"हा कोण गाढव परीक्षक नेमलाय तुम्ही?" अभिप्रायाचा कागद टेबलावर आपटत पाटोळे सर गरजले. रिबेकाताईंनी घाईघाईने चहा मागवला. कारण तो गाढव म्हणजे त्या स्वतःच होत्या.

चर्चच्या इतिहासाचं ते त्रैमासिक ताई एकहाती चालवत. प्रत्येक लेख त्या विषयातल्या जाणकाराकडून तपासून घ्यायचा आणि जाणकाराचं नाव लेखकाला कळू द्यायचं नाही, हा नियम. पण नगरकडच्या खेड्यांतल्या चर्चच्या घंटांवर पाटोळे सरांखेरीज अभ्यास करणारं होतं कोण? ईस्टर उलटला तरी कोणी तयार होईना, तेव्हा ताईंनीच अभिप्राय लिहून टाकला. नुसतंच 'छान' म्हटलं तर संशय येईल, म्हणून शेवटी ठोकून दिलं, 'लेखकाने एकही घंटा स्वतः वाजवून पाहिलेली दिसत नाही.'

सर महिनाभर धुमसले. मग भर पावसाळ्यात छत्री घेऊन गावोगाव घंटा वाजवत हिंडले. प्रत्येकीचा आवाज निराळा निघाला आणि लेख फुगून दुप्पट झाला.

नाताळ अंकात तो छापून आला, तेव्हा सर करंज्यांचा डबा घेऊन हजर. "यातल्या निम्म्या त्या गाढवाला द्या," ते म्हणाले. मग जरा आवाज उतरवून, "इतकी वर्षं वाटायचं, हे वेड माझं एकट्याचंच. कुणीतरी आहे म्हणायचं. बरं वाटलं हो."

खरं काय ते ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी तोंडातल्या करंजीबरोबर गिळलं.

"पुढचा लेखही त्यांच्याकडेच पाठवते, सर."