काकूंनी सुचवलेली मालिका

"अमर, एक जपानी मालिका आहे बघ," पोह्यांची ताटली शेजारच्या पोराच्या हातात देत लता म्हणाली. "ॲनिमे म्हणता ना तुम्ही पोरं, तसली. एक मोठं शहर आणि त्यातली ढीगभर माणसं. एकमेकांची ओळख नाही, देख नाही. पण एकाची छत्री स्टेशनात राहते आणि तिकडं भलत्याच पोरीचं लग्न मोडतं! सगळ्यांचे जीव एकमेकांत गुंतलेले. एकदा धरली की सुटत नाही. बघच तू."

"परीक्षा झाली की बघतो की काकू," अमरनाथ म्हणाला.

"अरे, मेंदूला विसावा नको? सारखी घासली तर सुरीचीसुद्धा धार जाते."

ऐकावं तर किती गोड! पण ओठात एक नि पोटात एक. लातूरच्या त्या गल्लीत घरोघरी खोल्या भाड्यानं दिलेल्या, आणि खोल्या-खोल्यांतून क्लासच्या पोरांसाठी गाव सोडून आलेल्या आया. लता नांदेडची. नवरा माधवराव तिकडं मास्तर, ही इकडं लेकाला डॉक्टर करायला बसलेली. मिहिरचं हे दुसरं वर्ष. पहिलं वर्ष कशानं बुडालं? याच मालिकेनं. पोरगं लातुरात कमी आणि त्या शहरातच जास्त राहत होतं. निकाल लागला तशी लतानं त्याला देवापुढं उभं केलं, त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "पुन्हा ती मालिका बघितलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

मिहिर ढसाढसा रडला. मालिकेचा दुसरा सीझन बघायचा राहिला होता, तरी शब्द पाळला हो पोरानं. कुणी नुसता विषय काढला तरी कानावर हात ठेवायचा. आईवर फार जीव त्याचा.

यंदा तो क्लासात दुसरा येत होता. पहिला नेहमी अमरनाथच. फोनवर माधवराव विचारायचे, "दुसरा? मग पहिला कोण?" आणि लताच्या काळजात चर्र व्हायचं. जे औषध आपल्या लेकाला बाधलं, ते दुसऱ्याच्या लेकाला बाधणार नाही कशावरून? एवढंच तिचं गणित.

अमरनाथची आई शिवगंगा मेसमध्ये पोळ्या लाटायला जायची. माहेर किल्लारीकडचं. भूकंपात अख्खं घर गेलं, ही तेवढी वाचली. "कुनीतरी मातीतून वढून काडलं, ताई. कोन होता त्यो, आजून म्हाईत न्हाई," ती सांगायची. "त्यो होता म्हनून मी हाय, अन् मी हाय म्हनून अमर हाय." लता मान हलवून ऐकायची. अशा बाईच्या लेकाला खड्ड्यात घालताना लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

क्लास संपले होते. उरली होती घरची उजळणी आणि शेवटची परीक्षा. लता मिहिरला रोज शेजारी पिटाळायची. "जा, अमरजवळ बस. हुशार पोराजवळ बसलं की चार गोष्टी कानावर पडतात." इकडून अमरचा फायदाही उकळायचा आणि तिकडून त्याचे पायही ओढायचे, बाई अशी धोरणी!

एका संध्याकाळी भिंतीपलीकडून ते गाणं आलं. मालिकेच्या सुरुवातीचं. लतानं ते झोपेतही ओळखलं असतं. "धरली गं बाई, धरली!" ती मनातल्या मनात नाचली. मग ते गाणं रोजच वाजायला लागलं. शिवगंगा म्हणाली, "पोरं म्हनत्यात मोबाइल घरी ठिवून जा. काय बगायलेत काय की."

"असू द्या हो शिवगंगाबाई. अभ्यासाचंच असेल," लता म्हणाली आणि वर तिच्या हातावर बेसनाचे दोन लाडू ठेवले.

मिहिर लाल डोळे घेऊन घरी यायचा. किती वाचतो गं माझा राजा, म्हणत ती त्याला बदामाचं दूध द्यायची. तोही हल्ली खुशीत असायचा, जाता-येता तिच्या गळ्यात पडायचा. एकूण सगळं लताच्या मनासारखं चाललं होतं.

निकाल लागला. अमरनाथचा नंबर सरकारी मेडिकलला लागणार हे नक्की झालं. मिहिरला गेल्या वर्षीपेक्षाही कमी गुण पडले. तो भिंतीकडं तोंड करून पडला, जेवायलाही उठेना.

अमरनाथ पेढे घेऊन आला, लताच्या पाया पडला. तिला राहवलंच नाही. "तू... तू ती मालिका बघत होतास ना रे?"

"न्हाई काकू. एकच भाग बघितला. इतकी माणसं, कोण कुणाचं, काही ध्यानातच ऱ्हाईना. दिली सोडून."

"मग रोज ते गाणं वाजायचं ते?"

"ते मिहिर बघायचा की! आमच्या आईच्या मोबाइलवर. मी आपला गच्चीत वाचत बसायचो." मग तो मिहिरच्या खोलीकडं बघत हळूच म्हणाला, "आधी बघायलाच तयार नव्हता, काकू. लई भ्यायला. मी म्हणलं, अरे, तुझ्या आईनंच सांगितलीय, बघच म्हणल्या. तसा रडायलाच लागला. म्हणला, म्हंजे शपथ सुटली, अमर. आईनं माफ केलं मला."