दहापैकी किती?

संकष्टीच्या दुपारी पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी एक मुलगी पाहणीचे प्रश्न घेऊन आली. फुलंब्रीची, सोनिया नावाची.

"काकू, कंपन्यांच्या मालकांवर तुमचा विश्वास किती? दहापैकी सांगा. हाच प्रश्न कितीतरी देशांत विचारायलेत."

मी हसून म्हटलं, "आधी तुझा सांग."

"बाकीच्यांचं माहीत नाय, पण तुमच्या मुलाच्या कंपनीला दहापैकी दहा! उपवासाच्या पिठाच्या पुड्यावर तुमचाच फोटो हाय नं. आई म्हणती, ज्या बाई स्वतः एवढे उपास धरतात, त्या काय खोटं खाऊ घालतील व्हय? बावीस वर्षांत तिची एक संकष्टी मोडली नाय."

तिचाही उपवास होता, म्हणून माझ्यासाठी केलेलं थालीपीठ मी तिला वाढलं. तिनं उचलताच त्याचे तुकडे झाले.

"अगं बाई! आमचं तर कधीच मोडत नाय. आणि पीठ तर आम्ही तुमचंच आणतो."

ते मोडणार कसं? माझा मुलगा हिमांशू दोन वर्षांपासून पुड्यातल्या पिठात गहू मिसळतो, त्याच्या चिकटपणानं ते धरून राहतं. हे कळल्या दिवसापासून मी माझ्यापुरता राजगिरा निवडून घरीच दळते.

"पीठ तेच गं," मी म्हणाले, "आज माझ्याकडून पाणी जास्त झालं."

ती खुदकन हसली. "मग तुमचे पण दहाच लिहू का, काकू?"

मी तिला लिहू दिलं.