जुन्या बियाण्याचा सातू

दिवस लहान की मोठा, हे ओळखणारं सातूमधलं जनुक डॉ. वसुधा केंगे यांनीच तीस वर्षांपूर्वी बंद केलं होतं. तेव्हापासून सातू कोणत्याही महिन्यात पेरला तरी दोन महिन्यांत कापणीला येई. उपासमार हटली. पण कापणी बारमाही झाल्यावर पूर्वीसारखं खास कापणीसाठी गावी कोण येणार? वसुधाबाईंची मुलगी ऋजुताही चार वर्षांत फिरकली नव्हती.

यंदा त्यांनी बीजपेढीतून जुनं बी मागवून अंगणात पेरलं. दिवस वाढू लागले तेव्हाच त्याला ओंब्या आल्या, आणि चैत्रात त्या पिकल्या. वसुधाबाईंनी फोन लावला.

"ऋजू, सातू कापायला आलाय."

"आई, तो तर कधीही येतो. पुढच्या महिन्यात बघते ना."

"हा जुना आहे गं. आठ-दहा दिवसांत दाणे झडतील. मग एकदम पुढच्या वर्षी."



"म्हणजे तो थांबणारच नाही?"

"नाही."

"मग शनिवारी पोचते मी."

शनिवारपर्यंत वसुधाबाई उन्हातान्हात अंगणात बसून एकट्याच पाखरं हाकत राहिल्या.